‘अकारा’ म्हणजे शापित नव्हे

प्रश्न असा : सारा, रिबका, राहेल (अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या बायका) यांना मराठी बायबलात ‘वांझ’ म्हटलं आहे. मूळ हिब्रू शब्द कोणता, आणि त्यात ‘देवाने शापलेली’ असा अर्थ आहे का?

शब्द ‘अकारा’. शाप त्यात औषधालाही नाही. प्रवचनांतून हे ‘शापित’ इतक्यांदा कानावर येतं की संताप होतो. शापासाठी हिब्रूत ‘आरूर’ आहे. शिक्षा म्हणून येणारी निपुत्रिकता लेवीय या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे खरी, पण तिथला शब्द ‘अरीरी’. कथांमध्ये अकारा म्हटलेल्या चौघी म्हणजे या तिघी आणि शमशोनाची आई. त्यासाठी एकीच्याही माथी पाप मारलेलं नाही. शमुवेलाची आई हन्ना हिचं गर्भाशय परमेश्वराने बंद केलं होतं असं शमुवेलाच्या पुस्तकात स्पष्ट म्हटलंय, तिथेही तिच्यावर आरोप नाही. शिवाय बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (७:१४) ‘अकार’ हे पुल्लिंगी रूप आहे, आणि ते स्त्रीलिंगाच्या आधी येतं. सगळा दोष बाईवर टाकणाऱ्यांनी हे वचन जरूर वाचावं.

आता व्युत्पत्ती, कारण खरी गंमत तिथेच आहे. धातूची अक्षरं ऐन, कोफ, रेश. उपदेशक ३:२ मध्ये ‘लावलेलं उपटण्याची वेळ’ येते, तिथलं ‘उपटणे’ याच धातूचं. म्हणून अकारा म्हणजे मूळ उपटलेली, असं सांगतात. पण दानीएलच्या चौथ्या अध्यायात झाड तोडल्यावर जमिनीत राखून ठेवायचा जो मुळांचा बुंधा आहे, त्यालाही अरामीत, म्हणजे हिब्रूच्या बहीणभाषेत, हीच अक्षरं : ‘इक्कार’. उपटणंही तेच आणि जे उपटलं जात नाही तेही तेच! पुढे रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, भाषेत ‘इक्कार’ म्हणजे मुख्य, गाभा. बेरेशीत रब्बा हे उत्पत्तीवरचं रब्बींचं जुनं भाष्य ‘राहेल अकारा होती’ या वाक्यावर म्हणतं, राहेल हीच घराचा इक्कार.

काटेकोर पंडित हा नुसता श्लेष म्हणून उडवून लावतात. मला ते पटत नाही. स्तोत्र ११३:९ मध्ये ‘अकेरेत हबायित’ आहे, शब्दशः ‘घराची वांझ’. नुसतं मूल नसणं सांगायचं तर ‘अकारा’ पुरे होतं, ‘घराची’ कशाला? माझं ठाम मत आहे की कवीच्या कानात दोन्ही अर्थ वाजत होते. आजच्या इस्राएलात ‘अकेरेत बायित’ म्हणजे सरळ गृहिणी. भाषेने श्लेष पचवून टाकला. आणि रूथ ४:११ पाहा. बेथलेहेमचे वडीलधारे यहूदाचे, म्हणजे लेआचे वंशज; लेआ ही राहेलची बहीण आणि याकोबाची दुसरी बायको. तरी ‘इस्राएलाचं घर बांधणाऱ्या’ दोघींची नावं घेताना ते राहेल आधी म्हणतात, लेआ नंतर. लेआचे मुलगे सहा, राहेलचे दोन.

नवऱ्याच्या प्रेमाचा आणि कूस उजवण्याचा या कथांत सरळ हिशेब नाही. नावडती लेआ, तिचं गर्भाशय देव उघडतो. जिच्यासाठी याकोबाला सात वर्षं चार दिवसांसारखी वाटली, ती राहेल ‘मला मुलं दे, नाहीतर मी मरते’ म्हणते आणि त्याचा राग ओढवून घेते : ‘मी काय देवाच्या ठिकाणी आहे?’ उत्तर कठोर आहे, पण त्यात तिला शापित म्हटलेलं नाही. पुढे ‘देवाने राहेलची आठवण केली’ असं येतं. हन्नाचा नवरा एलकाना तर विचारतो, ‘मी तुला दहा मुलग्यांहून अधिक नाही का?’ काही जण यात पुरुषी अहंकार पाहतात. त्याआधीची वाक्यं वाचा : का रडतेस, का जेवत नाहीस? हे प्रेमाचं बोलणं आहे.

‘वांझ’ लिहायला जड जात असेल तर ‘मूल न झालेली’ लिहा. उत्पत्ति ११:३० मध्ये सारायला (साराचं आधीचं नाव) अकारा म्हणून झाल्यावर लगेच ‘तिला मूल नव्हतं’ असं स्वतः ग्रंथच फोड करून सांगतो.