फोल्डरचं नाव बदललं आणि बॅकअप फुगला

फोल्डरचं नाव बदलल्यावर बॅकअप अचानक फुगला? घाबरू नका, तुमचं काही बिघडलेलं नाही. बहुतेक इन्क्रिमेंटल बॅकअप (दर वेळी फक्त नवं-बदललेलं कॉपी करणारे) फाइल ओळखतात ती तिच्या पूर्ण पाथवरून, म्हणजे फोल्डरांसकटच्या पत्त्यावरून. वरच्या एका फोल्डरचं नाव बदललं की आतल्या सगळ्या फाइलींचा पाथ बदलतो. मग आरसिंकसारख्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी जुन्या फाइली गेल्या आणि तेवढ्याच नव्या आल्या. ४० जीबीचे फोटो असतील तर ४० जीबी पुन्हा कॉपी. हार्डलिंकवाले स्नॅपशॉटही (न बदललेली फाइल पुन्हा कॉपी न करता आधीच्या प्रतीलाच जोडणारे बॅकअप) इथे हात टेकतात, कारण तेही जुन्या स्नॅपशॉटमध्ये त्याच पाथवर फाइल शोधतात.

रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअप प्रोग्राम वापरलेत तर हा त्रास नाही. ते फाइलीचे तुकडे करून मजकुरावरून ओळखतात. हलवलेली फाइल पुन्हा वाचली जाते, वेळ जातो, पण साठवण जवळपास वाढत नाही.

खरी भीती वेगळीच. फक्त बदलाची तारीख पाहून फाइली निवडणारी स्क्रिप्ट असेल, तर हलवलेली जुनी फाइल नव्या जागी बॅकअपमध्ये येतच नाही. नाव बदलल्याने ती तारीख बदलत नाही ना! म्हणून मोठी आवराआवर केलीत की लगेच एक पूर्ण बॅकअप घ्या. जुना मात्र इतक्यात पुसू नका.