उबुंटूवर मराठी-कन्नड साइट: ४०३ आणि प्रश्नचिन्हं कशी घालवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीच्या धान्याच्या दुकानासाठी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत दर दाखवणारी साइट उबुंटू २४.०४ वर पीएचपी आणि मारियाडीबी (डेटाबेस) वापरून करताय. प्रोजेक्ट होम फोल्डरमध्ये आहे. पीएचपीच्या अंगच्या सर्व्हरवर पान उघडतं, पण अपाचे या वेब सर्व्हरवर '४०३ फॉरबिडन' (पान बघायला मनाई) येतं, ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊनसुद्धा. शिवाय जुन्या होस्टिंगवरून आणलेल्या डेटाबेसमधला 'जोंधळा' पानावर '??????' असा दिसतो. सगळा माल पुन्हा टाइप करावा लागेल का, असं विचारलंय.

टायपिंगला बसू नका. माल बहुतेक शाबूत असेल, आधी तपासून घ्या. दोन्ही दुखणी वेगळी आहेत, त्यामुळे एकेक करून घेऊ. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करा.)

४०३ चं सोपं आहे. उबुंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर ७५० परवानगीनं तयार होतं, म्हणजे परक्याला दारातूनच परत. अपाचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावानं चालतो, त्याच्यासाठी तुमचं घर बंद. पीएचपीचा सर्व्हर तुमच्याच नावानं चालतो, म्हणून तिथं पान उघडतं. आतल्या खोलीला ७७७ देऊन उपयोग नाही, कारण कुलूप बाहेरच्या दाराला आहे. 'नेमआय -एल' (एन-ए-एम-ई-आय) ही आज्ञा प्रोजेक्टचा पूर्ण पाथ देऊन चालवा. पाथमधल्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते, अडलेली पायरी लगेच सापडते. मग एकतर प्रोजेक्ट 'व्हार' खालच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' मध्ये हलवून मालकी स्वतःकडे ठेवा, नाहीतर 'सेटएफएसीएल' ने फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला होम फोल्डरवर 'एक्स' (आत शिरायची) परवानगी द्या. मी पहिला मार्ग घेईन. ७७७ मात्र आत्ताच काढा: फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४.

आता प्रश्नचिन्हं. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'जोंधळा' म्हणजे ज, ओकार, अनुस्वार, ध, ळ, काना: ६ चिन्हं, १८ बाइट. पानावर प्रश्नचिन्हं किती? तीही सहाच. म्हणजे कुणीतरी शब्द नीट वाचला, सहा चिन्हं ओळखली, आणि पुढं ती लॅटिन१ (फक्त पश्चिम युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) मध्ये बसवता येईनात म्हणून प्रत्येकाच्या जागी '?' ठेवलं. हे साठवताना झालं असेल तर अक्षरं गेली. वाचताना होत असेल तर टेबलात सगळं जागेवर आहे.

कोणतं झालंय हे पडद्यावर पाहून कळत नाही, बाइटच बघावे लागतात. सिलेक्ट क्वेरीत नावाच्या कॉलमला 'हेक्स' (साठवलेले बाइट दाखवणारं) फंक्शन लावा. मराठी ओळीत प्रत्येक तीन बाइटांची सुरुवात 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' अशी दिसली ('ज' म्हणजे ई०ए४९सी) आणि कन्नड ओळीत 'ई०बी२' किंवा 'ई०बी३', तर माल शाबूत. 'शो क्रिएट टेबल' मध्ये कॉलम यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) असल्याची मात्र खात्री करा. नुसतं '३एफ३एफ३एफ' असेल तर ते खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे. ती ओळ जुन्या बॅकअपमधूनच आणावी लागेल, दुसरा इलाज नाही. आणि 'सी३ए०सी२ए४' अशी सुरुवात असेल तर यूटीएफ-८ दोनदा चढलंय. ते उलटवता येतं: कन्व्हर्टनं लॅटिन१ करा, त्याला कास्टनं बायनरी करा, परत कन्व्हर्टनं यूटीएफ८एमबी४. आधी बॅकअप घ्या आणि 'सी३ए०' नं सुरू होणाऱ्या ओळींनाच लावा. चांगल्या ओळींवर चालवलंत तर त्याच बिघडतील.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलाच प्रकार वाटतो: टेबल ठीक, पण पीएचपी आणि मारियाडीबी यांची जोडणी लॅटिन१ मध्ये. पीएचपीतून जोडायला मायएसक्यूएलआय वापरत असाल तर जोडणी झाल्या झाल्या 'सेट_कॅरसेट' ला यूटीएफ८एमबी४ द्या. पीडीओ वापरत असाल तर डीएसएनमध्येच (जोडणीचा तपशील देणाऱ्या ओळीत) कॅरसेट लिहा. सर्व्हर ठरवेल त्यावर सोडू नका, होस्टिंग बदललं की तेच दुखणं परत येतं. नुसतं 'यूटीएफ८' ३ बाइटांपुरतं असतं. मराठी-कन्नड त्यात मावतं, पण गिऱ्हाईकानं अभिप्रायात इमोजी टाकला की अडतं.

काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं तर तो ब्राउझरचा निरोप आहे, डेटाबेसचा नाही. लांब नाव पीएचपीच्या 'सबस्ट्र' ने १० बाइटांवर कापलं की तीन चिन्हं आणि चौथ्याचा एक बाइट उरतो, तो ब्राउझरला वाचता येत नाही. 'एमबी_सबस्ट्र' वापरा (पीएचपी-एमबीस्ट्रिंग पॅकेज लागतं). तेही 'जों' मधला ज ठेवून ओकार तोडू शकतं. अख्खं अक्षर राखायचं तर पीएचपी-इंटल मधलं 'ग्राफीम_सबस्ट्र'.

रिकामे चौकोन दिसले तर मात्र दोष फाँटचा: 'फाँट्स-नोटो-कोअर' पॅकेजमध्ये दोन्ही लिप्या आहेत. आणि एक गोष्ट कृपया करा. एचटीएमएलच्या लँग गुणधर्मात मराठी मजकुराला 'एमआर' आणि कन्नड मजकुराला 'केएन' लिहा. हिंदीचं 'एचआय' राहिलं असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. 'एमआर' दिलं की नोटो सॅन्स देवनागरीसारख्या सोय असलेल्या फाँटमध्ये आपल्या वळणाचा ल आणि श उमटतो.