दुसऱ्या महायुद्धात माइनस्वीपर जहाजं कधी लढली का, की मागे राहून फक्त सुरुंगच काढायची?

"मागे राहून" हे मी आधीही ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचे आजोबा दापोलीकडचे, रॉयल इंडियन नेव्हीत माइनस्वीपरच्या बॉयलरवर. बहिणीच्या साखरपुड्याच्या पंगतीत मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "आमचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीत लढले. तुमचे आजोबा समुद्र झाडत होते." माणसं हसली. आजोबा भात कालवत राहिले. वाफेने भाजल्याचा गुळगुळीत पांढरा डाग होता त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत. त्यावर सदऱ्याची बाही ओढून घेतली, एवढंच. मी विशीत होतो, मला उत्तर सुचलं नाही.

आज सांगतो. एचएमआयएस बेंगाल, त्याच रॉयल इंडियन नेव्हीची, ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कोकाटू बेटावर बांधलेली, जेमतेम ६५० टनांची माइनस्वीपर. ऑगस्ट १९४२ मध्ये दाखल झाली. ११ नोव्हेंबरला ओंडिना या डच टँकरसोबत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाला जाताना होकोकू मारू आणि आयकोकू मारू समोर आल्या. दोन्ही जपानी सशस्त्र जहाजं, दहा हजार टनांच्या वर, १४ सेंटिमीटरच्या तोफा आणि टॉर्पेडो घेतलेल्या. बेंगालवर मोठी म्हणावी अशी तोफ एकच, बारा पौंडी. तिने टँकरला निसटायला सांगितलं आणि स्वतः होकोकू मारूच्या अंगावर गेली. होकोकू मारू पेटली, स्फोट होऊन बुडाली. दारूगोळा संपत आल्यावर बेंगाल बाजूला झाली आणि दिएगो गार्सियाला पोचली. तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. ओंडिनाचा कॅप्टन मात्र गेला. जहाज सोडून उतरलेल्या त्याच्या माणसांनी टँकर पुन्हा ताब्यात घेऊन फ्रीमँटलला परत नेला.

आणि सुरुंग काढणं म्हणजे तरी काय? मागे तार ओढत जायचं, ती सुरुंगाचा दोर कापते, सुरुंग वर तरंगला की रायफलीने फोडायचा. पण त्या पाण्यावरून पहिल्यांदा जाणार कोण? हेच जहाज.

होकोकू मारूला बुडवणारा गोळा बेंगालचा की ओंडिनाच्या चार इंची तोफेचा, यावर वाद आहे, हेही सांगायला हवं. शिवाय अशी चकमक रोज होत नसे. बरेचसे दिवस काफिल्यांच्या राखणीत जात.

तुमच्या घरात कोणी नौदलातले असतील तर पंगतीत नाही, एकटे असताना विचारा. आणि मामा, तुमचे वडील इटलीत लढले यावर मी कधी शंका घेतली नाही. आजोबांबद्दल बोललात ते तेवढं मागे घ्या.