मेक्सिकोत बहुतेक लोक मिश्र वंशाचे आहेत, मग डीएनए तपासून कोण श्रीमंत ते सांगता येईल का?

एकेकट्या माणसाचं? नाही. पण शेकडो लोकांची सरासरी काढली की आकडे बोलायला लागतात.

मेक्सिको सिटीतल्या मधुमेहावरच्या एका अभ्यासात (2007) सरासरी वारसा निघाला साधारण 65 टक्के मूलनिवासी, 30 टक्के युरोपीय, 5 टक्के आफ्रिकी. आणि शिकलेल्यांमध्ये युरोपीय हिस्सा जास्त. 2009 साली मेक्सिको आणि कोलंबिया, दोन्हीकडे तेच दिसलं. गंमत पुढे आहे. आधी वाटलं, मूलनिवासी वारसा जास्त म्हणून मधुमेह जास्त. सांपत्तिक स्थिती हिशेबात धरली, तर तो संबंध बराच ओसरला. जनुकांच्या खात्यावर गरिबी मांडली जात होती.

यात युरोपीय जनुकांची हुशारी शोधू नका. जमीन आणि जनुकं एकाच वाटेनं वारशात उतरतात. स्पॅनिश अमलात मोठ्या जमिनी नि मोठी पदं गोऱ्यांकडे, वर मूलनिवासींना वेगळा कर. माणसांच्या अशा वर्गवारीला ते ‘कास्ता’ म्हणत. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेला ‘कास्ट’ हा शब्द तो हाच. स्पॅनिश बाप आणि मूलनिवासी आई असेल तर मूल ‘मेस्तीसो’, अशी कोष्टकवजा चित्रंसुद्धा अठराव्या शतकात काढून ठेवलीत. 1821 मध्ये स्वातंत्र्य आलं, कागदावरच्या जाती गेल्या. सोयरिकी मात्र आपापल्या थरातच होत राहिल्या. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मी कामानिमित्त दोन वर्षं मेक्सिकोतल्याच ग्वादालाहारा शहरात होतो. आठवडी बाजारात भाजीवाली हाक मारायची, ‘पासेले, ग्वेरितो!’ पासेले म्हणजे या, ग्वेरो म्हणजे गोरा. मी चांगला सावळा. पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, दुसरंच कोणी असेल म्हणून. मग कळलं, पिशवी घेऊन आलेला प्रत्येक जण तिच्यासाठी गोराच असतो.

घरमालकीणबाईंना नातू झाला तेव्हा वजनाच्या आधी रंग सांगितला त्यांनी, ‘गोरा निघाला!’ अगदी आमच्या सांगलीच्या आत्यासारखं.

त्यांचे दोन मुलगे, सख्खे भाऊ, एक गोरा, एक काळासावळा. आम्ही तिघं जेवायला गेलो की वेटर बिल हमखास गोऱ्यापुढे ठेवायचा. तो हसून ते भावाकडे सरकवायचा. नोकरी त्या सावळ्यालाच होती.