कयाकचं कापड भलतंच निघालं आणि दुकानदार म्हणतो कापलेला माल परत नाही, आता काय?

रत्नागिरीकडच्या एका वाचकांनी विचारलंय. त्यांनी घरीच कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, बांधली, लाकडी पट्ट्यांचा नि बांबूच्या फासळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. कापड मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून व्हॉट्सअॅपवर ऑर्डर केलं, वर लावायचं टू-पार्ट पॉलियुरेथेन (दोन भाग मिसळून लावायचं, पाणी अडवणारं कोटिंग) गावातल्या हार्डवेअरवाल्याकडून घेतलं. खाडीत उतरवल्यावर दुसऱ्याच दिवशी कोटिंग सालीसारखं सुटून आलं, आणि नीट बघितलं तर कापड नायलॉन नाहीच, बॅगा शिवायला वापरतात तसलं मागून फिल्म मारलेलं पॉलिस्टर आहे. व्यापारी म्हणतो कापलेला माल परत नाही, बिलावर छापलंय. हार्डवेअरवाला म्हणतो दोष कापडाचा.

दादा, तुमची केस चांगली आहे, पण ती दोघांवर सारखी नाहीये आणि हे आधीच समजून घ्या नाहीतर नको तिथे ताकद जाईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही पाठवलेला तो चॅट. पैसे भरायच्या आधी तुम्ही लिहिलंय की होडीच्या सांगाड्यावर ताणायचंय, वरून पॉलियुरेथेन लावणार आहे, ८४० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन पाहिजे, कोटिंग नसलेलं, आणि व्यापाऱ्याने उत्तर दिलंय "हो हेच चालेल, होडीवाले नेतात". या एका ओळीवर तुमचं सगळं उभं आहे. वस्तू विक्री अधिनियम १९३० चं कलम १५ म्हणतं की वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, आणि कलम १६ म्हणतं की गिऱ्हाइकाने कशासाठी हवंय ते सांगितलं, विकणाऱ्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तो माल विकणं हा त्याचा धंदाच असेल तर माल त्या कामाला बऱ्यापैकी लायक असलाच पाहिजे. तुमच्याकडे दोन्ही आहेत, फार थोड्या लोकांकडे असतात. तुम्ही नुसतं एखाद्या ब्रँडचं नाव घेऊन "तेच द्या" म्हटलं असतंत तर कलम १६ चा हा आधार बहुतेक गेला असता.

आता "कापलं म्हणजे संपलं" या मुद्द्याचं. कापड कापून शिवलंत म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही माल स्वीकारला, त्यामुळे वस्तू विक्री कायद्याखाली माल नाकारून परत द्यायचा हक्क अडचणीत येतो हे खरंय, पण नुकसानभरपाई मागायचा हक्क कलम १३ आणि ५९ खाली शिल्लक राहतो. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तर याच्यापुढे जातो. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापून सदोष माल परत न घेणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलात मुदत दिली नसेल तर तीस दिवस धरतात. म्हणून तो छापील शिक्का बघून गप्प बसू नका.

समोरचा वकील एक गोष्ट नक्की विचारणार, की कोटिंग सुटलं ते कापडामुळे की तुम्ही लावलंत चुकीचं? पावसाळी हवेत टू-पार्ट पॉलियुरेथेन लावलं की त्यातलं आयसोसायनेट नावाचं रसायन हवेतल्या ओलाव्याशी रिअॅक्ट होऊन गॅस सुटतो, थरात बारीक फुगे येतात. माप चुकलं तर चिकट राहतं. तुमच्या फोटोंत यातलं काही दिसत नाही, थर पूर्ण वाळलाय, कडक आहे आणि अख्ख्या पट्ट्याच्या पट्ट्या एकसंध निघाल्यात, खाली कापडाची फिल्म गुळगुळीत कोरडी दिसतेय. कोऱ्या विणीच्या कापडात कोटिंग धाग्यांच्या आत मुरतं आणि तिथे धरून राहतं, मागे फिल्म असली किंवा पाणी झटकायचं फिनिश असलं तर ते वरच्या वर बसतं, त्यामुळे हे फोटो तुमच्या बाजूचे आहेत. शिवाय नायलॉन ऐवजी पॉलिस्टर आलं हे तर वर्णनाशी सरळ विसंगत आहे, लावण्यात चूक झाली असो की नसो.

म्हणून आजच एक काम करा, उरलेलं कापड, अगदी कापून पडलेल्या तुकड्यांसकट, पिशवीत घालून ठेवा, त्याला काडी लावून जाळून बघू नका, धुवू नका, दुसरं कोटिंग मारू नका. ग्राहक आयोगाला ग्राहक कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवता येतो, आणि नायलॉन की पॉलिस्टर हे लॅबमध्ये सहज कळतं. हवं तर आधी स्वतःच्या खर्चाने एक तुकडा मुंबईत बीट्रा किंवा सास्मिरा या कापड तपासणाऱ्या संस्थांकडे तपासून घ्या, रिपोर्ट हातात असला की नोटिशीला वजन येतं. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत लावा, त्यात एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

हार्डवेअरवाल्याबद्दल स्पष्ट सांगतो. त्याला तुम्ही फक्त वॉटरप्रूफ पॉलियुरेथेन मागितलंत, होडीचं बोलला नाहीत, त्याने फ्लोअरचं दिलं आणि डब्यावर तसं लिहिलंय. त्याच्यावर केस कमजोर आहे, पण तक्रारीत त्यालाही सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष) करा, नाहीतर व्यापारी गैरहजर माणसावर सगळं ढकलेल. त्याच्याकडून पैशाची अपेक्षा धरू नका.

तुम्ही "प्रॉडक्ट लायबिलिटी", म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी, लावायचं म्हणताय, ते नको. कायद्याच्या त्या भागात "हानी"मध्ये खुद्द त्या वस्तूचंच झालेलं नुकसान धरत नाहीत, म्हणजे तुमचं मुख्य गाऱ्हाणंच त्यातून बाहेर राहतं. सदोष माल आणि अनुचित प्रथा, एवढीच साधी तक्रार ठेवा. मागणी पण खरी ठेवा, कापडाचे ११ हजार, वाया गेलेलं कोटिंग, दोरा, तपासणीचा खर्च, मानसिक त्रास, केसचा खर्च. सांगाडा शाबूत आहे त्याचे पैसे घालू नका, आयोगाला असला फुगवटा लगेच दिसतो.

आधी स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस, सोबत १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, बरेचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर व्यापारी मुंबईचा असला तरी तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे रत्नागिरीलाच दाखल करता येतं, ग्राहक कायद्याच्या कलम ३४ मध्ये ती सोय आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. पुढे कयाक पर्यटकांना भाड्याने द्यायची आहे असं कुठे लिहिलंय का ते बघा, कारण व्यापारी कारणासाठी माल घेणारा म्हणजे ग्राहक नाही असा आक्षेप येतो. स्वतः राबून पोट भरायला असेल तर त्याला अपवाद आहे, पण तुम्ही स्वतःसाठीच बांधली असेल तर सरळ तसंच लिहा.

आणि "तोवर टेप मारून चालवू का" याचं उत्तर नाही. थर सुटलाय हे माहीत असून पाण्यात उतरलात आणि कुणाला काही झालं तर जबाबदारीचा काही भाग तुमच्यावर येईल, शिवाय जीव जाईल तो वेगळाच. मित्राला विकूही नका, विकलीत की त्याच्यासाठी तुम्ही तेच व्हाल जे आज तुमच्यासाठी तो व्यापारी आहे.

नवीन कापड घेताना मेसेज असा टाका: "विणलेलं नायलॉन, ८४० डेनियर, वजन इतकं जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर), मागे पुढे कसलंही कोटिंग किंवा वॉटर रिपेलंट नको, होडीवर ताणून टू-पार्ट पॉलियुरेथेन लावणार, आधी एक मीटर सॅम्पल पाठवा". नायलॉन चिवट, पण ओलं झालं की ढिलं पडतं, पॉलिस्टर इस्त्रीच्या गरमीने आवळता येतं आणि पाणी फारसं पीत नाही पण फाटायला थोडं कच्चं, काय निवडायचं ते तुम्ही ठरवा, पण मेसेजमध्ये एकच लिहा, "नायलॉन किंवा पॉलिस्टर चालेल" असं लिहिलंत की वर्णनाचा मुद्दा गेला. सॅम्पलवर कोटिंग मारून चारपाच दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवा, मगच बाकीचं मागवा, आणि "सॅम्पलप्रमाणेच पाठवा" हे लिहायला विसरू नका, सॅम्पल दाखवून केलेल्या विक्रीला वस्तू विक्री कायद्याचं कलम १७ वेगळं संरक्षण देतं. सॅम्पलचा अर्धा तुकडा कोरा, तारीख लिहून जपून ठेवा.

नोटिशीचा मसुदा करून पाठवलात तर बघून देतो, पण आधी तो बिलाचा फोटो पूर्ण पाठवा, खालची बारीक अक्षरं कापली गेलीयत.