डेस्कटॉपला वाय-फाय आहे का, आधी मागून पाहा

भाऊ, डोंगल (यूएसबीत खोचायचं वाय-फायचं छोटं यंत्र) आणायला तालुक्याला पळू नको. आधी सीपीयूची मागची बाजू पाहा. यूएसबीच्या आसपास आटे असलेली दोन पिवळी टोकं दिसली, तर ती वाय-फायच्या अँटेनाची जागा. अँटेना न लावता वापरशील तर रेंज रडतच येईल बाप्पा!

टोकं नसतील तर स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स. तिथं ‘वायरलेस’ किंवा ‘८०२.११’ लिहिलेलं शोध. ‘इथरनेट’ म्हणजे वायरवालं. मात्र ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये पिवळी खूण असेल, तर वाय-फायचं कार्ड असूनही ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नसू शकतो.

डोंगल घेतलाच तर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा घे, जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा तोच बरा. सातबारा आजच काढायचाय? मोबाइल केबलनं जोड, यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलनं कॉम्प्युटरला देणं) चालू कर. त्याला वाय-फाय लागतच नाही.