वाचकांचे प्रश्न : पाठ होते, पण उमगत नाही

प्रश्न : आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आता कुर्ल्यात राहतो. माझा मुलगा आठ वर्षांचा असून मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो आणि रोज असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर मोहल्ल्यातील मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शिक्षणाच्या वर्गात) जातो. त्याचा कायदा (अरबी अक्षरओळखीची पुस्तिका) पूर्ण झाला असून आता कुराणाच्या तीस भागांपैकी तिसरा पारा चालू आहे. लहान सूरा (कुराणाचे अध्याय) त्याला तोंडपाठ आहेत, परंतु एकाही आयतीचा (वचनाचा) अर्थ सांगता येत नाही. वर्गात पस्तीसेक मुले असतात आणि चुकले की उस्ताद छडी मारतात. गेले दोन महिने मकतबची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखू लागते. त्याचे अब्बा म्हणतात, आम्हीही असेच शिकलो. त्याला तेथून काढून घरी शिकवणी लावावी का?

उत्तर : ताई, मुलाचे पोट दुखते ही थाप आहे असे समजून त्याला रागावू नका. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात शिक्षकाच्या कठोरपणाबद्दल स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि त्यात नेमके हेच सांगितले आहे की, धाकाखाली वाढणारे मूल उत्साह गमावते, शिक्षा चुकवण्यासाठी खोटे बोलू लागते आणि पुढे तीच त्याची सवय होते. मुलाच्या अब्बांना हे अवश्य सांगा, कारण छडी ही दीनी तालीमची (धार्मिक शिक्षणाची) जुनी आणि मान्य रीत आहे, असा समज आपल्या घराघरांत आहे, आणि हा समज मला फार अस्वस्थ करतो. हजरत अनस यांनी दहा वर्षे पैगंबरांची सेवा केली आणि त्या काळात पैगंबरांनी त्यांना कधी ‘उफ्’ देखील म्हटले नाही, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती मकतबच्या दाराबाहेर ठेवण्याचे कारण काय?

कायद्याबाबतही गैरसमज आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 मधील शारीरिक शिक्षेची बंदी 2012 च्या दुरुस्तीनंतर मदरशांना लागू होत नाही, म्हणून तेथे मारले तरी चालते, असे काही जण मानतात. ते चूक आहे. बालन्याय अधिनियम 2015 चे कलम 75 हे मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा कोणाही व्यक्तीला लागू होते, आणि मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होईल अशी मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

आता अर्थाविषयी, कारण माझ्या मते खरी अडचण तेथे आहे. कोकणी मुसलमान मुलाच्या घरात कोकणी बोलली जाते, शाळेत मराठी, मकतबमध्ये उस्ताद समजावतात ते उर्दूत, आणि किताब अरबी. उस्तादांनी अर्थ सांगितला तरी तो ज्या शब्दांत येतो, ते शब्दच मुलाला अनोळखी असतात. मी स्वतः अनेक वर्षे मुलांना नाझरा (कुराण पाहून वाचणे) शिकवला आहे. सूरा माऊन सर्वांना पाठ, पण तिच्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, असा अनुभव मला पहिल्याच वर्षी आला. मग मी ती मराठीत सांगितली : अनाथाला धक्के देणारा, गरिबाला जेवू घालण्यास इतरांना न सुचवणारा, आणि नमाज पढूनही साध्या वापराच्या वस्तू नाकारणारा माणूस. माऊन म्हणजे शेजाऱ्याला सहज द्याव्यात अशा लहानसहान वस्तू, हे कळल्यावर एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आमच्या चाळीत वाटीभर साखर मागतात तसं?” त्या सात आयती ती मुले पुन्हा विसरली नाहीत.

याचा अर्थ पाठांतर आणि तजवीद (शुद्ध उच्चाराचे नियम) कमी महत्त्वाची, असा मुळीच नाही. जिभेचे मूळ पडजिभेजवळ टेकवून उच्चारलेला ‘क़ाफ’ आणि त्याच्या थोडा पुढचा, आपल्या मराठी ‘क’सारखा ‘काफ’ यांत गल्लत झाली तर ‘हृदय’ या शब्दाचा ‘कुत्रा’ होतो; हे कान आणि जीभ लहानपणीच घडवावे लागतात आणि ते काम जाणत्या उस्तादांचेच आहे. सहाबा (पैगंबरांचे साथीदार) दहा आयती शिकत आणि त्यातील ज्ञान व आचरण अंगी बाणल्याशिवाय पुढे जात नसत, असे सहाबांचे शिष्य अबू अब्दुर्रहमान सुलमी यांनी सांगितले आहे. म्हणून सबक (रोजचा धडा) लहान हवा. रोज अर्धे पान उरकण्याऐवजी तीन ओळी नीट व्हाव्यात आणि हिफ्झच्या (कुराण पाठ करणाऱ्या) मुलांकडून जशी मागची मंझिल (आधी पाठ झालेला भाग) रोज म्हणवून घेतात, तशी नाझऱ्याच्या मुलांकडूनही मागची उजळणी व्हावी.

घरची शिकवणी मी लगेच सुचवणार नाही, कारण इतर मुलांचे वाचन ऐकून मूल बरेच शिकते. आधी तुम्ही दोघे उस्तादांना भेटा. पस्तीस मुले एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाचा थकवा ध्यानात घेऊन अदबीने, पण स्पष्टपणे सांगा की छडी नको; मोठ्या मुलांनी लहानांचा सबक आधी ऐकावा, अशी सोयही मशिदीच्या विश्वस्तांशी बोलून करता येईल. एवढे करूनही छडी थांबली नाही, तर मात्र एक दिवसही वाट न पाहता दुसरा मकतब शोधा. घरी इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर दहा मिनिटे त्याच दिवसाच्या एका आयतीचा मराठी अर्थ वाचा आणि तो त्याला दादीला सांगू द्या.

प्रश्न : मुलीला चार वर्षे, चार महिने, चार दिवस पूर्ण होताच बिस्मिल्लाह (शिक्षणारंभाचा समारंभ) करून कायदा सुरू करावा का? (एक वाचक, जोगेश्वरी)

उत्तर : ही रीत शरीयतने बंधनकारक केलेली नाही, तरी ती गोड आहे, आनंदाने करा. मात्र दुसऱ्याच दिवसापासून तासभर बसवू नका. पहिले काही महिने अक्षरे कानाने ओळखू द्या. बा, ता, सा ही तिन्ही एकाच होडीच्या आकाराची आहेत. खाली एक नुक्ता (टिंब), वर दोन, वर तीन. जमिनीवर खडूने होडी काढा आणि नुक्त्यांच्या जागी तिला चिंचोके ठेवायला सांगा.